यू आर ईटिंग वेल?

आमच्याकडे राजेंद्रनगरमध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास कचऱ्याची गाडी येते. गाणं वाजवत येते. इंदूरवाल्यांना हे सांगायला नको, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून आपण बाहेरगावी जी कॉलर ताठ करतो ती या गाडीच्याच जिवावर. तर ते गाणं कोपऱ्यावर ऐकू आलं रे आलं की सासूबाई आतून ओरडतात, "आली गं गाडी!" इतक्या वर्षांत त्या एकदाही "गाडी आली" म्हणालेल्या नाहीत. "गाडी आली" ही नुसती बातमी झाली, पेपरात छापावी अशी. "आली गाडी" म्हणजे ऊठ, ओल्याचा डबा घे, सुक्याचा घे, पळ, नाहीतर ती पुढच्या गल्लीत गेली म्हणून समज.

दोन शब्द. जागा बदलली की अंगात येतं त्यांच्या.

हे मला अचानक जाणवलं त्याचं कारण आदल्या दिवशी क्लासमध्ये झालेली माझी फजिती. मी भंवरकुआँला एका कोचिंगमध्ये इंग्लिश शिकवते, बँकेच्या आणि एसएससीच्या, म्हणजे सरकारी नोकरीच्या, परीक्षा देणाऱ्या पोरांना. व्याकरण म्हणजे तिथे भाषा वगैरे काही नसते हो, ते मार्क मिळवायचं मशीन असतं, चुकलेला भाग ओळखा, गोल काळा करा, पुढे चला. त्या दिवशी इन्व्हर्जन चालू होतं. म्हणजे वाक्यात कर्त्याच्या आधी क्रियापद. मी फळ्यावर लिहिलं, "हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट." खरगोनकडचा एक मुलगा आहे, मागच्या बाकावर बसतो, कधी बोलत नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ये उल्टा क्यों हो जाता है? सीधा बोलने में क्या जाता है इन लोगों का?" सगळा वर्ग हसला. आणि मी, बावीस वर्षं शिकवतेय, मी काय उत्तर दिलं तर, "रूल है बेटा, याद कर लो."

रात्री झोप नाही आली नीट. आत्या असती तर तिने माझ्या हातावर पट्टी मारली असती, या वयातसुद्धा.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या, रामबागेत राहायची, लग्न नाही केलं, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाली. ती शिकली ख्रिश्चन कॉलेजमध्ये, 1887 सालचं ते कॉलेज, किशोरकुमार जिथे शिकला तेच, आणि हे ती स्वतः कधी सांगायची नाही पण कोणी दुसऱ्याने सांगितलं की खूश व्हायची. इन्व्हर्जनला ती "उलटी" म्हणायची. वह्या तपासायला बसली की आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायची, "बघू आज कोणाला किती उलट्या झाल्यात." आम्ही लोळून हसायचो आणि ती चष्म्यावरून बघायची, जणू काही विनोद झालाच नाही.

तिचं पहिलं वाक्य कायम जावयाचं असायचं. जावयाला कुत्रा चावला. आता हे वाक्य कसंही फिरवा, म्हणायची. कुत्रा जावयाला चावला. चावला जावयाला कुत्रा. कुत्रा चावला बाई जावयाला! काही झालं तरी इंजेक्शन जावयालाच घ्यावं लागणार, कारण तो "ला" त्याच्या शेपटाला बांधलाय, तो वाक्यात कुठेही जाऊन बसला तरी "ला" सोबत जातो. आणि इंग्रजीत? "द डॉग बिट द सन-इन-लॉ." फिरवा आता. "द सन-इन-लॉ बिट द डॉग." झाली ना पंचाईत, पोरीचा संसार मोडला! इंग्रजीत शब्दाला शेपूट नाही, त्याची जागा हीच त्याची विभक्ती. पहिल्या पाटावर बसेल तो करणारा, मागच्या पाटावर बसेल तो भोगणारा.

ती हेही सांगायची की इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला आपल्यासारखेच प्रत्यय होते, मग ते हळूहळू झिजत गेले, आता "ही" आणि "हिम", "शी" आणि "हर" अशा चार-दोन ठिकाणी ते उरलेत. आणि प्रत्यय गेले म्हणून शब्दांना आपापल्या जागेला चिकटून बसणं भाग पडलं. आता अशा शिस्तीच्या पंगतीत कोणी आपल्या पाटावरून उठून पुढे जाऊन बसला तर सगळ्यांच्या माना वळणारच की. आपल्याकडे तोच माणूस उठला तर कोणी बघत पण नाही, आपल्या पंगतीत सगळेच फिरत असतात. म्हणून आपल्याला जोर द्यायला "च" लागतो, "तर" लागतो, "बाई" लागतं, आणि त्यांना नुसतं उठून पुढे आलं की पुरतं.

हे त्या मुलाला सांगायला हवं होतं मी. नाही सांगितलं.

पण खरी कमाल होती तिची रुमालाची गोष्ट. सरवटे बस स्टँडवरून आम्ही उज्जैनला जायचो, आजोळ तिकडे, आणि बस लागली की काका खिडकीतून रुमाल टाकायचा सीटवर. रुमाल पडला की ती जागा आपली, मग माणूस आरामात दारातून चढला तरी चालतं. आत्या म्हणायची, इंग्रजी वाक्यात कर्त्याच्या पुढे अशी एक रिकामी सीट असते. एकच. एरवी तिच्यावर कोणी बसत नाही. पण प्रश्न विचारायचा असला की मधला छोटा शब्द, "इज", "हॅज", "कॅन", "विल", यांच्यातला कोणीतरी, उठून पटकन त्या सीटवर जाऊन बसतो. "यू आर कमिंग" चं "आर यू कमिंग" होतं. आता "इफ आय हॅड नोन" घ्या, यात "इफ"ने आधीच रुमाल टाकलाय, त्यामुळे "हॅड" गपचूप आपल्या जागी. पण "इफ" उतरून गेला की "हॅड" धावत येऊन बसतो, "हॅड आय नोन." दोघं एका सीटवर कधीच नाही, "इफ हॅड आय नोन" लिहिलंत तर भांडण होईल, कंडक्टरला यावं लागेल.

आणि याच गोष्टीतून ती चूक पण सुटते जी आपल्या सगळ्यांची होते, माझी, तुमची, टीव्हीवर बोलणाऱ्या मोठमोठ्या लोकांची. "आय डोन्ट नो व्हेअर इज ही." अहो, तो प्रश्न आता दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला ना, तिथली ती सीट आधीच रिझर्व्ह असते, "इज"ला तिथे पळायची मुभा नाही. "आय डोन्ट नो व्हेअर ही इज." आणि गंमत अशी की आपण उलट जिथे पळायला हवं तिथे पळत नाही, "व्हेअर यू आर गोइंग?" असं बिनधास्त विचारतो, आणि जिथे बसून राहायचं तिथे पळतो. यात आपला दोष काही नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. मराठीत "तो कुठे आहे?" आणि "मला माहीत नाही तो कुठे आहे", बघा, काही हललं का? आपल्याला ही पळापळ जन्मात कधी करावीच लागलेली नाही. हिंदीतही नाही, तिथे फार तर पुढे एक "क्या" लावतात. (आणि तो "क्या" आम्हा इंदूरकरांच्या मराठीत असा घुसलाय की माझा मुलगा लहानपणी "काय तू माझा डबा भरला?" असं विचारायचा. पुण्याची मामी ऐकून बेशुद्ध पडायची बाकी राहिली होती.)

बरं, मग वाक्यात छोटा शब्द नसेलच तर? "यू नो" मध्ये पळणार कोण? "नो" हे मोठं क्रियापद, घरची कर्ती बाई, तिच्या मागे कर्म आहे, क्रियाविशेषण आहे, सगळा संसार आहे, ती कशी उठून पळणार. म्हणून मग बाहेरून एक पोरगा बोलवायचा, "डू". त्याला स्वतःचा अर्थ काही नाही, नुसता पळायला ठेवलाय. "डू यू नो?" आणि भूतकाळाचं ओझं पण त्याच्याच खांद्यावर द्यायचं, "डिड यू गो?", बाईच्या डोक्यावर परत ठेवायचं नाही, म्हणून "डिड यू वेन्ट" चूक. हे एकदा कळलं की माझ्या पोरांची निम्मी लाल शाई वाचते.

पूर्वी मात्र बाई स्वतः पळायची. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये "बिलीव्हेस्ट दाउ धिस?" असं वाक्य आहे, आत्या ते मोठ्या आवाजात म्हणून दाखवायची, नाटकात म्हणावं तसं. तुझा यावर विश्वास आहे का, एवढंच. तिथे "डू" नाही. शेक्सपिअरच्या वेळी दोन्ही चालायचं, नंतर शंभरेक वर्षांत "डू" सक्तीचा झाला. माझा भाचा म्युनिकला आहे, इथूनच कंप्यूटर करून गेला, तो जर्मन शिकायला लागला तेव्हा एकदा कॉलवर वैतागून म्हणाला, "मावशी, यांच्यात 'आज जातो मी' असं म्हणायचं कंपल्सरी आहे, 'हॉयटे गेहे इख', 'आज' पुढे आलं की 'मी'ला मागे ढकलतात." मी म्हटलं, अरे, इंग्रजी त्यांचीच चुलत बहीण, ती पण एके काळी बऱ्यापैकी असंच बोलायची, वाक्यात पहिलं काहीही येवो, दुसऱ्या नंबरला क्रियापद. मग तिची ती सवय सुटली. पण सगळी नाही सुटली. आपला राजवाडा कसा, 1984 च्या आगीत मागचं सगळं जळलं, नंतर नव्याने बांधलं, पण पुढचा तो उंच दरवाजाचा भाग तेवढा उभा राहिला, आणि आज बाहेरगावचा माणूस फोटो काढतो तो त्याचाच. तसं "नेव्हर", "हार्डली", "सेल्डम", "नॉट ओन्ली" असे नकाराचे शब्द पुढे आले की जुनी इंग्रजी अजून उभी राहते. "नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड." साधं म्हणायचं तर "आय हॅव नेव्हर सीन" पण चालतं, व्याकरण दोन्हीचं बरोबर. पण पहिलं वाक्य म्हणणारा माणूस उभा राहून बोलतोय असं वाटतं, दुसरं म्हणणारा खुर्चीत बसून.

परीक्षेवाल्यांचं या जागेवर भयंकर प्रेम. "हार्डली"च्या मागे "व्हेन", "नो सूनर"च्या मागे "दॅन", आणि पोरं हमखास "नो सूनर" ला "व्हेन" जोडतात. अरे "सूनर" आहे ना, तुलना आहे, "अधिक लवकर" म्हटलं की "पेक्षा" येणारच, मग "दॅन" पाठ कशाला करायला पाहिजे? आणि याला आपल्याकडे किती सुरेख सोय आहे बघा: मी स्टेशनवर पोचते न पोचते तोच गाडी सुटली. पोचते न पोचते! नकार मधोमध बसलाय. इंग्रज जे शब्द पुढे पळवून करतो ते आपण तोच शब्द दोनदा म्हणून, मध्ये "न" ठेवून करतो. मला तर आपलंच जास्त आवडतं, त्यात धाप लागलेली ऐकू येते.

"लिटल डिड आय नो" वर तर एक आख्खा तास जातो. पोरं भाषांतर करतात, "मला थोडंसं माहीत होतं." थोडंसं कुठलं, काहीच माहीत नव्हतं! "सो डू आय" आणि "सो आय डू" पण असेच जुळे भाऊ. कोणी म्हणालं मला पोहे आवडतात, तुम्ही म्हणालात "सो डू आय", म्हणजे मला पण. आणि कोणी म्हणालं, अहो तुमच्या दाताला पोह्यांवरचा जिरावण मसाला लागलाय, तुम्ही आरशात बघून म्हणालात "सो आय हॅव"... नाही, हे उदाहरण जमलं नाही. असं घ्या, कोणी म्हणालं "यू ओ मी शंभर रुपये", आणि तुम्हाला आठवलं, "सो आय डू", अरे हो की, खरंच देणं आहे. एक शब्द इकडचा तिकडे आणि "मी पण" चं "हो की" झालं.

आता पुन्हा सासूबाईंची गाडी. "हिअर कम्स द बस." हे वाक्य आणि "आली गाडी" एकच असं मी वर्षानुवर्षं शिकवत आले, आणि त्या सकाळी दोन डबे हातात घेऊन पळताना वाटलं की नाही, एक नाहीये. इंग्रजीत "हिअर"ला पुढे आणून बसला शेवटी ठेवतात, कारण ऐकणाऱ्याला नवीन ती बस आहे, नवी वस्तू शेवटी, ताटात गोड शेवटी तशी. म्हणून तर बसच्या जागी "इट" आलं की उलट होतच नाही, "हिअर इट कम्स" म्हणावं लागतं, "हिअर कम्स इट" कोणी म्हणत नाही, कारण "इट" म्हणजे जुनी, माहीत असलेली गोष्ट, तिला शेवटचा मान कशाला. आणि आपलं? "आली गाडी", "आला बाई एकदाचा पाऊस", "सुटली परीक्षा", यात गाडी, पाऊस, परीक्षा सगळं आधीच माहीत आहे, उलट त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलोय. नवीन आहे ते येणं. म्हणून येणं पुढे. इंग्रज अनोळखी पाहुण्यासाठी वाक्य उलटं करतो, आपण ज्याची वाट बघतोय त्याच्यासाठी.

डबा रिकामा करून घरी आले आणि कपाटावरची ती बिस्किटाची पत्र्याची पेटी काढली, ज्यात आत्याची पत्रं आहेत. 1993 साली मी भोपाळला एम.ए.ला होते, हॉस्टेलवर. आत्याची अट होती की तिला पत्र इंग्रजीतच लिहायचं. मी निळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहायची आणि ती काय करायची, ते पत्र लाल शाईने तपासून, मार्क देऊन, पाकिटात घालून परत पाठवायची! दहापैकी साडेपाच. दहापैकी सहा. एकदा "आस्क्ड मी हाऊ वॉज आय" लिहिलं होतं म्हणून चार. घरची ओढ, रडू, सगळं त्या पत्रात ओतलेलं असायचं आणि ते परत यायचं साडेपाच होऊन. मी फार चिडायचे. त्याच पाकिटात तिचं स्वतःचं पत्र असायचं, पाच-सात ओळी, बिनचूक, कोरडी. थंडी आहे. नळाला पाणी सकाळीच येतं. भाऊचा खोकला कमी आहे.

डिसेंबरात असंच एक पत्र आलं होतं. त्यात शेवटची ओळ, "यू आर ईटिंग वेल?"

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. सापडली! इतक्या वर्षांची इंग्रजीची बाई आणि प्रश्नात क्रियापद पुढे आणायला विसरली. मी मेसमधून लाल पेन मागून आणलं, "यू आर" भोवती गोल केला, वर लिहिलं, "आर यू. अर्धा मार्क कापला", आणि दिलं परत पाठवून. मैत्रिणींना दाखवून पाठवलं.

आठवड्याने उत्तर आलं. पोस्टकार्ड, आणि तिने मला पाठवलेल्यांतलं मराठीत लिहिलेलं हे एकच. एवढंच होतं त्यात:

"'का' विचारायचं असतं तर 'आर' पुढे आणलं असतं. मी 'ना' लिहिलं होतं. अर्धा मार्क परत दे."

तेव्हा मला ते पळवाट वाटलं. तसं ते नव्हतं, इंग्रजीत हे खरंच असतं, उत्तर काय येणार हे धरून चाललेला माणूस क्रियापद जागचं हलवत नाही, नुसता आवाज वर नेतो आणि लिहिताना पुढे प्रश्नचिन्ह देतो. ज्याला माहीत नाही तो "आर यू" विचारतो. जेवतेस का? आणि जेवतेस ना? या दोन्हींत किती अंतर आहे ते हॉस्टेलवर राहिलेल्या कोणालाही विचारा. मी त्या डिसेंबरात मेसची भाजी सहन होत नाही म्हणून दीड महिना चहा-टोस्टवर काढत होते, घरी कोणाला सांगितलेलं नव्हतं. मी तिला उलट उत्तर लिहिलं, "येस, आय ॲम." त्या पत्राचे मार्क मला कधी आले नाहीत. ते पत्रच परत आलं नाही, तिने ठेवून घेतलं. ती गेल्यावर रामबागेतलं घर आवरताना पण सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी इन्व्हर्जन परत घेतलं. सिलॅबस मागे पडला, कोऑर्डिनेटर दोनदा दारातून डोकावून गेला. जावई घेतला, कुत्रा घेतला, रुमाल घेतला. शेवटी फळ्यावर लिहिलं, "आर यू ईटिंग वेल?" आणि त्याखाली "यू आर ईटिंग वेल?" आणि विचारलं, दोन्हींत फरक काय, दोन्ही बरोबर आहेत, चूक शोधू नका. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून तो खरगोनवाला, न उठता, वहीत बघत बघत म्हणाला,

"मॅडम, दूसरा वाला मम्मी का फोन है. 'खाना खा लिया ना.' वो पूछ थोड़ी रही है."